विद्येची शेवटची मजल

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात मेहकर हे गाव आहे. येथील घरांतून मराठी बोलली जाते, सरकारी कागद कानडीत येतो आणि बाजारात दखनी उर्दूही तितक्याच सहजतेने कानी पडते. भालकीच्या स्थानकावरून जाणारी आगगाडी एका दिशेने बीदरवरून हैदराबादकडे जाते, तर दुसऱ्या दिशेने उदगीरवरून लातूर रोडकडे जाते. या दुसऱ्या वाटेवर राज्याची सीमा लागते. १९५६ पर्यंत ही सीमा अस्तित्वात नव्हती. हा सारा मुलूख हैदराबादचा होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार राज्यरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याची तीन ठिकाणी वाटणी झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, तेलुगू भाषकांचा भाग आंध्र प्रदेशात सामील झाला आणि बीदर, भालकी व त्यांच्या आसपासचे तालुके म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. माणसे होती तेथेच राहिली. परंतु मेहकरसारख्या गावांची घरातली भाषा नव्या राज्यात अल्पसंख्याकांची भाषा ठरली.

अशा गावातली एखादी मुलगी शिकू लागली म्हणजे तिच्या वाटेवरच्या मजला ठरलेल्या असतात. पहिली मजल गावच्या शाळेची, दुसरी तालुक्याच्या महाविद्यालयाची, तिसरी विद्यापीठाच्या पदवीची. या तीन मजला गाठणाऱ्या मुली आता विरळ राहिलेल्या नाहीत. त्यापुढची मजल मात्र फार थोड्या जणींच्या वाट्याला येते. ती मजल संशोधनाची आहे, आणि संशोधन पुरे झाल्यावर विद्यापीठात अध्यापनाचे पद मिळवण्याची आहे. येथवर आलेली मुलगी मध्येच थांबली तर लोक तिच्या बुद्धीकडे किंवा तिच्या संसाराकडे बोट दाखवतात. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो. ज्या समाजांची संख्या थोडी, ज्यांचा शब्द दरबारी कमी चालतो, त्या समाजांतील ज्या स्त्रिया ही शेवटची मजल गाठू शकल्या, त्यांच्या कथा जवळून पाहिल्या तर प्रत्येक वेळी चार गोष्टी जुळून आल्याचे दिसते. विद्यालयाचे दार उघडले होते, पोटाची सोय झाली होती, विद्या देणारा मार्गदर्शक लाभला होता आणि अखेरीस पद देणारा हात पुढे आला होता. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली, तरी उरलेल्या तिन्ही वाया जाण्याची वेळ येई.

या इतिहासाचा आरंभ ज्या नावाने करावा, ते नाव कॉर्नेलिया सोराबजी यांचे होय. १८६६ साली नाशिक येथे त्यांचा जन्म झाला. वडील पारशी कुळातले आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले. म्हणजे पारशी समाज थोडा, त्यातून ख्रिस्ती झालेली घराणी त्याहूनही थोडी, आणि त्यांतील ही मुलगी. त्यांचे बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेतील त्यांचे यश असे होते की, इंग्लंडमध्ये पुढील अभ्यास करण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याच पदरात पडावयाची. पण ती मिळाली नाही. कारण एकच होते, आणि ते म्हणजे त्या स्त्री होत्या. गुणांचा निकष ज्यांनी ठरवला, त्यांनीच गुण सिद्ध झाल्यावर निकष बदलला.

या अन्यायाची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचली. मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या मंडळींनी वर्गणी देऊन एक निधी उभा केला. त्या निधीच्या आधारावर कॉर्नेलिया १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. तत्पूर्वी, १८८८ मध्ये, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी तात्पुरत्या नेमणुकीवर तरुणांना शिकवलेही होते. ऑक्सफर्डची कायद्याची उच्च परीक्षा त्या १८९२ साली विशेष परवानगीने बसून उतरल्या, परंतु त्या परीक्षेची पदवी त्यांच्या हाती पडली ती १९२२ साली. मध्ये तीस वर्षे गेली. लोकांच्या वर्गणीने प्रवासाची आणि पोटाची सोय झाली होती. विद्यापीठाचे दार मात्र वर्गणीने अर्धेच उघडले. परोपकाराची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. उदार माणसांच्या मदतीने एक मुलगी पुढे जाते, पण नियम तसाच राहतो आणि मागून येणाऱ्या मुलीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

नियम कसा बदलतो हे पाहण्यासाठी बेने इस्राएल समाजाकडे वळावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर, मुख्यत्वे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून, हे यहुदी लोक शतकानुशतके राहत आले. तेलाचे घाणे चालवावयाचे आणि शनिवारी काम बंद ठेवावयाचे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. नवगावकर, किहीमकर यांसारखी त्यांची आडनावे अलिबागेच्या आसपासच्या गावांची नावे सांगतात. सारा समाज मिळून काही हजारांचा. अशा या समाजातल्या दोन मुलींनी विद्येच्या क्षेत्रात जे केले, ते महाराष्ट्राने विसरावे असे नाही. योगायोग असा की, दोघींचाही जन्म आजच्या कर्नाटकातला. एकीचा बेळगावचा, दुसरीचा शिमोग्याचा. दोघींचेही शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १८८४ साली स्थापन झालेल्या या मुलींच्या शाळेमागे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्याबरोबर त्याच वेडरबर्नसाहेबांचाही हातभार होता. विद्येचे क्षेत्र विस्तीर्ण खरे, पण तेथे वाट करून देणारे हात मोजकेच होते, आणि ते पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

पहिल्या मुलीचे नाव रिबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलींमध्ये पहिल्या असा याचा अर्थ नाही. सगळ्या परीक्षार्थींमध्ये पहिल्या. असा मान मिळवणारी ती पहिलीच मुलगी होती. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये अध्ययन केले. परत आल्यावर अध्यापन, लेखन आणि समाजातील नियतकालिकांचे संपादन त्यांनी केले आणि १९२२ पासून १९५० पर्यंत मुंबईतील इस्राएली शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. पुढे ही शाळा सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. संशोधनाची कारकीर्द घडवणाऱ्या मुलीच्या मागे शाळेतली एखादी शिक्षिका उभी असते, ही गोष्ट संशोधनाच्या इतिहासात बहुधा नोंदली जात नाही. रिबेका रूबेन यांनी अठ्ठावीस वर्षे ती जागा राखली.

दुसरी मुलगी जेरुशा झिराड. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातले शिक्षण संपल्यावर त्यांना स्त्रीरोग आणि प्रसूती या विषयांतील उच्च अभ्यास करावयाचा होता, आणि त्याची सोय त्या काळी विलायतेतच होती. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला होता. या निधीचे वैशिष्ट्य असे की, त्यातून मिळणारी रक्कम दान म्हणून मिळत नसे, कर्जाऊ मिळे. घेणाऱ्याने कमवू लागल्यावर ती फेडावयाची आणि त्या परतफेडीतून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावयाची. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या निधीने आरंभापासून स्त्रियांना वगळले नाही. किंबहुना त्याचा लाभ घेणाऱ्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांतच स्त्री-डॉक्टर होत्या. जेरुशा याच कर्जाऊ शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. तेथे असताना हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, आणि ती मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. एका पिढीपूर्वी कॉर्नेलियाबाईंना स्त्री म्हणून जे नाकारले गेले होते, तसलेच साहाय्य आता एका स्त्रीला सरकारच्या हातून मिळाले. दयेच्या जागी नियम आला, आणि वाट खऱ्या अर्थाने येथे रुंद झाली.

१९१९ साली जेरुशा झिराड यांनी लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादन केली. परत आल्यावर दिल्ली आणि बंगळूर येथे काम करून त्या मुंबईच्या कामा रुग्णालयात आल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे होती. १९३० नंतरच्या दशकात मुंबई शहरातील बाळंतिणी का दगावतात, याचा पद्धतशीर शोध त्यांनी घेतला. एखाद्या इस्पितळाच्या दप्तरातील आकडे मांडून हा शोध संपणारा नव्हता. बाळंतीण घरी होती की रुग्णालयात, तिला आधी कोणी तपासले होते काय, रक्तक्षय होता काय, मदत यावयास किती वेळ लागला, असले प्रश्न घरोघरी विचारावे लागतात. आणि ज्या काळी पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकता येत नसे, त्या काळी हे प्रश्न स्त्रीनेच विचारावयाचे होते. १९५० साली देशभरातील प्रसूतिशास्त्रज्ञांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका कर्जाऊ शिष्यवृत्तीची परतफेड यापेक्षा मोठी ती कोणती व्हावयाची?

यातून एक गोष्ट ध्यानात येते. लहान समाजातील स्त्रीला संशोधनाला साहाय्य करणे हा तिच्यावर केलेला उपकार नव्हे. तिच्यावाचून काही प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि जे प्रश्न विचारले जात नाहीत त्यांची उत्तरे कोणत्याही ग्रंथालयात सापडत नाहीत.

पैशाची सोय झाली तरी दार उघडतेच असे मात्र नाही. १९३३ सालची गोष्ट. कमला भागवत या तरुणीने रसायनशास्त्रात मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल क्रमांकाने मिळवली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था तिच्या घरात परकी नव्हती. तिचे वडील आणि चुलते दोघेही तेथेच शिकलेले होते. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण अर्थातच अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. त्या काळात त्यांचा प्रवेश नियमित धरला जाणार नव्हता, आणि त्यांच्या कामाविषयी समाधान झाले तरच पुढचा विचार व्हावयाचा. ही अट त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या कोणत्याही तरुणाला नव्हती.

अपमान गिळून त्यांनी काम केले. येथे तिसरी गोष्ट जुळून आली. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले आणि १९३६ साली एम्. एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेने मिळवली. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले गेले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. अमेरिकेतील विद्यापीठीय स्त्रियांच्या महासंघाची प्रवासवृत्तीही त्यांना लाभली, म्हणजे दूर देशीच्या सुशिक्षित स्त्रियांनी एका मराठी मुलीच्या विद्येचा भार उचलला. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या सायटोक्रोम सी या द्रव्याचा शोध त्यांनी घेतला आणि १९३९ साली पीएच्. डी. संपादन केली. विज्ञान विषयात ब्रिटिश विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जातात. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. तेथे संचालकपदाचा हक्क त्यांना असूनही ते पद त्यांच्याकडे यावयास काही वर्षे लागली. दारापाशी जे अडले होते, तेच पुन्हा वरच्या मजल्याच्या जिन्यावर अडले.

कमलाबाई अल्पसंख्य समाजातल्या नव्हत्या. सुशिक्षित घराण्याचे पाठबळ त्यांच्यामागे होते. तरीही इतके सोसावे लागले. मग ज्या मुलीच्या मागे असे घराणे नाही आणि समाजाने जिला शतकानुशतके विद्येच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तिचे काय? याचे उत्तर नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या जीवनात सापडते.

कुमुद सोमकुवर हे त्यांचे माहेरचे नाव. महार समाजातल्या या मुलीला शाळेत गोखले गुरुजी नावाचे शिक्षक भेटले. सोवळ्या परंपरेत वाढलेल्या या गुरुजींनी तिला संस्कृत शिकवले, हातचे राखून न ठेवता शिकवले. ज्या भाषेचे शब्द कानी पडणेसुद्धा तिच्या पूर्वजांना निषिद्ध होते, त्या भाषेत ती मुलगी एम्. ए. झाली. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले, सभांतून सत्कार झाले, मोठ्या माणसांनी पाठ थोपटली. नोकरी मात्र मिळेना. अर्ज जात आणि नकार येत. पुढे त्यांनी मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, आडनाव बदलले, आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे पद त्यांच्या हाती आले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंतःस्फोट’ या आपल्या पुस्तकात त्यांनी हा अनुभव कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. त्यांचे म्हणणे असे की, हे पद सोमकुवरांच्या मुलीला मिळालेच नाही. ते मिळाले पावडे या आडनावाला. विद्या तीच, पदवी तीच, वाणी तीच. बदलले ते फक्त अर्जावरचे आडनाव.

पुढे अनेक वर्षे त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले, दलित स्त्रियांच्या चळवळीत काम केले आणि २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कथा चौथ्या गोष्टीविषयी, म्हणजे पदाविषयी, जे सांगून जाते ते कठोर आहे. कौतुक हे पदाचे मोल भरून काढू शकत नाही. ‘अमक्या समाजातील पहिली’ अशी बिरुदे देऊन समाज स्वतःचेच समाधान करून घेतो. परंतु पहिली जर शेवटचीच ठरली, तर त्या बिरुदाचा उपयोग काय?

स्वातंत्र्योत्तर काळात या चारही गोष्टींना नियमांचा आधार देण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांतील काही मोलाचे आहेत. अनुसूचित जाती व जमाती यांच्या संशोधकांसाठी २००५-०६ पासून राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. धार्मिक अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली मौलाना आझाद यांच्या नावाने अधिछात्रवृत्ती आली आणि तिच्या तीस टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवण्यात आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच्. डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि प्रसूती व बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांपर्यंतची रजा दिली. वरवर पाहता ही किरकोळ सवलत वाटेल. पण मूल झाले म्हणून नोंदणी रद्द होण्याची भीती ज्या घरात आहे, त्या घरात एका नियमामुळे एक प्रबंध वाचतो. घटनेच्या अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने ३७१ ज हे कलम आले आणि २०१३ पासून बीदर, कलबुर्गी आणि लगतच्या जिल्ह्यांतील रहिवाशांना शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळू लागल्या. २०२३ साली बीदरचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे आवार भालकी तालुक्यातच, हालहळ्ळी येथे आहे. ज्या तालुक्यात मेहकर आहे त्याच तालुक्यात विद्यापीठ येऊन उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आधार दिला जातो तसा काढूनही घेतला जातो. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या संशोधकांसाठी बंद करण्यात आली. इतर योजनांतून ही सोय होते, असे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. पण संशोधनाचे साल हे शेतीच्या सालासारखे असते; पेरणीच्या दिवसांत पाऊस गेला तर पुढे तो कितीही पडला तरी त्या सालचे पीक हाती येत नाही. जी मुलगी त्या वर्षी दारात उभी होती, तिचे वय आणि तिच्या घरच्यांचा धीर पुढच्या योजनेची वाट पाहत थांबत नाही.

मेहकरच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. घटनेच्या तिसाव्या कलमात अल्पसंख्याकांचा उल्लेख धर्म आणि भाषा या दोन्हींच्या आधारे केलेला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय करावी, असे ३५० अ हे कलम सांगते. पण ते प्राथमिक शिक्षणापुरते. म्हणजे भाषेचे हे संरक्षण पहिल्या मजलेवर सुरू होते आणि तेथेच थांबते. संशोधनाच्या अधिछात्रवृत्त्या जेथे अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या गेल्या, तेथे अल्पसंख्याक हा शब्द धर्माच्या अर्थाने घेतला गेला. कर्नाटकातील मराठी भाषक, किंवा उलट महाराष्ट्रातील कानडी भाषक, केवळ भाषेमुळे त्या हिशेबात कोठेच येत नाहीत. ज्या बेने इस्राएल समाजाने जेरुशा झिराड दिल्या, त्यालाही महाराष्ट्रात अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळावयास २०१६ साल उजाडावे लागले.

अधिछात्रवृत्तीचे खुले दार म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तीत वरच्या गुणवत्तेने उतरणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून तिची रक्कम दरमहा सदतीस हजार रुपये झाली. खेड्यातल्या घरात एवढी रक्कम मुलीच्या नावे दरमहा आली, तर तिच्या लग्नाची घाई करणारे नातेवाईकही क्षणभर थबकतात. पण ही परीक्षा, भाषाविषय सोडले तर, इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांतून होते. शाळेत मराठीतून इतिहास शिकलेली, कचेरीसाठी कानडी शिकलेली मुलगी परीक्षेच्या मांडवात तिसऱ्या आणि चौथ्या भाषेशी झुंजत असते. तिचा इतिहास कच्चा नसतो. तो ज्या भाषेत तिच्यापाशी आहे, ती भाषा तेथे चालत नाही.

आणि तरीही, ज्या बहुभाषेचे तिला ओझे होते, तेच खरे तर तिचे धन आहे. बीदर ही बहमनी सुलतानांची राजधानी. महमूद गवानचा मदरसा येथे पंधराव्या शतकात उभा राहिला. शेजारचे बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी आणि बसवेश्वरांची कर्मभूमी; हुमनाबाद हे माणिकप्रभूंचे स्थान. या मुलखाचा इतिहास फारसी दप्तरांत आहे, कानडी शिलालेखांत आहे, मराठी पोथ्यांत आणि मोडी कागदांत आहे, दखनीच्या ओव्यांत आणि बोलण्यात आहे. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या संशोधकाला या सगळ्या भाषा शिकावयास अर्धे आयुष्य लागेल. मेहकरच्या मुलीने त्यांतल्या तीन पाळण्यातच ऐकलेल्या असतात. जात्यावर आणि शेतात बायका काय म्हणतात, कोणता शब्द सीमेच्या अलीकडचा आणि कोणता पलीकडचा, लग्नाच्या गीतात कानडी ओळ मराठीत कशी मिसळते, हे प्रश्न तिच्याशिवाय कोण विचारणार? मुंबईच्या बाळंतिणींविषयीचा प्रश्न विचारावयास जशी एक स्त्री लागली, तशीच या मुलखाचा प्रश्न विचारावयास येथलीच मुलगी लागेल.

तेव्हा गुणी मुली शोधून त्यांचा सत्कार करणे एवढ्याने काम भागत नाही. कॉर्नेलिया सोराबजींच्या कथेने शिकवले की वर्गणी पुरेशी नसते, नियम बदलावा लागतो. जेरुशा झिराड यांच्या कथेने दाखवले की वेळेवर मिळालेली कर्जाऊ रक्कमही पुढे हजारो मातांच्या कामी येते. कमला सोहोनी यांना दार अटींवर उघडले गेले, आणि कुमुद पावडे यांना पद मिळाले ते आडनावाच्या आडोशाने. या चौघींनी आपापली मजल गाठली, पण प्रत्येकीला वाटेत जो दंड भरावा लागला तो तिच्या बुद्धीवरचा नव्हता; तो तिच्या जन्मावरचा होता. पुढच्या मुलीकडून तो पुन्हा वसूल होऊ नये, एवढ्यासाठी प्रवेशाचे नियम, निर्वाहाची नियमित रक्कम, मार्गदर्शकाची जबाबदारी आणि नेमणुकीचा निर्मळपणा या चारही गोष्टी एकाच वेळी जागेवर असाव्या लागतात.

विद्यापीठाच्या पायरीपर्यंत आज मेहकरहून दिवसाउजेडी जाऊन परत येता येईल. कॉर्नेलियाबाईंना समुद्र ओलांडावा लागला होता, जेरुशाबाईंना कर्ज काढावे लागले होते. अंतर कमी झाले ही मोठी गोष्ट झाली. आता त्या पायरीवर उभ्या राहिलेल्या मुलीला आपले आडनाव, आपला धर्म किंवा आपली भाषा बाहेर ठेवून आत यावे लागू नये. ज्या दिवशी तीच मुलगी त्या आवारात अध्यापिका म्हणून परत येईल आणि तिच्या हाताखाली दुसरी एखादी मुलगी संशोधनाला बसेल, त्या दिवशी शेवटची मजल सरली असे म्हणता येईल.